‘बोलायला थांबला’ आणि ‘बोलायचा थांबला’

वाचकाचे पत्र, थोडक्यात: शिक्षण मराठीतून झालेल्या आणि आता एका कार्यालयात हिशेब तपासण्याचे काम करणाऱ्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे की, इंग्रजीत एका क्रियापदानंतर दुसरे क्रियापद आले की त्याला ‘टू’ लावायचा की ‘आयएनजी’ हे त्यांना आजही कळत नाही. तीन रकान्यांची मोठी यादी त्यांनी दोनदा पाठ केली आणि दोन्ही वेळा विसरल्या. जुनी बिले तपासणे आता बंद केले आहे, हे वरिष्ठांना कळवण्यासाठी त्यांनी ‘वी हॅव स्टॉप्ड टू चेक द ओल्ड बिल्स’ असे लिहिले, आणि उत्तरात ‘मग किती तपासून झाली?’ अशी विचारणा आली. एका सहकाऱ्याने सर्वांसमोर त्यांच्या ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ची थट्टा केली. शिकवणीतल्या शिक्षकांचे म्हणणे असे, की त्या मराठीतून विचार करतात हाच खरा दोष आहे आणि मराठी डोक्यातून काढल्याखेरीज इंग्रजी येणार नाही. दीड महिन्याने बढतीची लेखी परीक्षा आहे. यादी तिसऱ्यांदा पाठ करावी, नवी शिकवणी लावावी, की आपल्याला हे जमणार नाही असे मान्य करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात तीन गृहीतके आहेत आणि त्यांपैकी एकही मला पूर्णपणे पटत नाही. पहिले असे की ज्यांना हे जमते त्यांना यादी पाठ असते. दुसरे असे की इथली प्रत्येक चूक सारख्याच वजनाची असते. तिसरे तुमच्या शिक्षकांचे, आणि तुम्ही ते वाद न घालता स्वीकारलेले दिसते: मराठी ही वाटेतली धोंड आहे. मी शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या अडचणीची निम्मी उकल मला तिथेच दिसते.

ज्या वाक्याने घोटाळा झाला तेच घ्या. ‘ती बोलायला थांबली’ आणि ‘ती बोलायची थांबली’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात ती चालता चालता कोणाशी तरी बोलण्यासाठी उभी राहिली आणि दुसऱ्यात तिचे बोलणे बंद झाले. हा फरक तुम्हाला कोणी रकाने आखून शिकवलेला नाही आणि तो ओळखताना तुम्ही क्षणभरही अडखळला नसाल. इंग्रजीत पहिले वाक्य ‘शी स्टॉप्ड टू टॉक’ आणि दुसरे ‘शी स्टॉप्ड टॉकिंग’. तुमच्या वरिष्ठांनी तुमचे वाक्य ‘बिले तपासायला थांबलो आहोत’ असे वाचले, म्हणजे इतर कामे बाजूला ठेवून बिलांनाच हात घातला असे त्यांना वाटले. मग किती झाली हे त्यांनी विचारले यात नवल नाही. तुम्ही मराठीतून विचार केला म्हणून चूक झाली असे मला वाटत नाही. उलट ‘बिले तपासायची थांबवली’ हे मराठी वाक्य मनात पुरते उच्चारले असते, तर ‘-ला’ इथे बसत नाही हे तुमच्या कानालाच खटकले असते.

हे साम्य निव्वळ योगायोगाचेही नाही. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘टू’ हे मुळात दिशा दाखवणारे अव्यय होते. त्याच्यापुढे येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला वेगळा प्रत्यय लागे आणि पारंपरिक व्याकरणात ते रूप चतुर्थीचे मानले जाते. पुढे प्रत्यय झिजून गेले आणि ‘टू’ तेवढा उरला. आपण ‘गावाला गेलो’ म्हणतो आणि ‘बघायला गेलो’ही म्हणतो, दोन्हीकडे तोच ‘-ला’. इंग्रजीतही गावाकडे जाताना आणि बघायला जाताना तोच ‘टू’ येतो. ‘आयएनजी’ची कुळकथा वेगळी आहे: क्रियापदापासून नाम बनवणारा तो एक जुना प्रत्यय आहे. मराठीत आपण ‘मीटिंग’, ‘पेंटिंग’, ‘बिल्डिंग’ हे शब्द सर्रास नाम म्हणून वापरतो आणि त्यांना ‘मीटिंगला’, ‘बिल्डिंगमध्ये’ असे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययेही लावतो, तेव्हा या प्रत्ययाचा नामपणा आपण कधीच मान्य केलेला असतो. शब्दकोशात ‘जिरंड’ आणि ‘इन्फिनिटिव्ह’ अशी जड नावे असली, तरी या पत्रापुरते मी त्यांना आयएनजी-रूप आणि टू-रूप असेच म्हणेन.

मग इतका गोंधळ होतो कुठून? माझ्या मते त्याचे मूळ आपल्या पहिल्या धड्यात आहे. ‘टू गो म्हणजे जाणे’ असे आपण घोकतो आणि मराठीतले प्रत्येक ‘-णे’ म्हणजे ‘टू’ अशी गाठ मनात कायमची बसते. मग ‘जाणे टाळले’चे ‘अव्हॉइडेड टू गो’ होते आणि ‘वाचणे संपवले’चे ‘फिनिश्ड टू रीड’. वास्तविक ‘जाणे टाळले’ यात ‘जाणे’ हे चोख नाम आहे, ते टाळण्याचे कर्म आहे, आणि त्याला इंग्रजीत जवळचा शब्द ‘गोइंग’ हाच आहे. शब्दकोशाने क्रियापद नोंदवण्याच्या सोयीसाठी वापरलेली जोडी आपण अर्थाची जोडी समजून बसलो. तेव्हा सोडायची असेल तर ही एक गाठ सोडा, अख्खी मराठी नको.

आता चुकांच्या वजनाविषयी. ‘आय एन्जॉय टू स्विम’ हे चूकच आहे, पण ते वाचून कोणाचाही गैरसमज होत नाही. ऐकणाऱ्याला किंचित खटकते आणि तो पुढे जातो. ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’ यांच्यानंतर तर दोन्ही रूपे चालतात आणि अर्थ जवळजवळ तोच राहतो. अपवाद इतकाच की ‘बिगिन’ किंवा ‘स्टार्ट’ स्वतःच आयएनजी-रूपात असले तर पुढे दुसरे आयएनजी-रूप कानाला नको वाटते, म्हणून ‘इट इज बिगिनिंग टू रेन’ म्हणतात. याउलट पाच-सहा क्रियापदे अशी आहेत की रूप बदलले तर वाक्याचा अर्थच पालटतो आणि तुमच्यासारखा घोटाळा होतो. तुमची यादी या तिन्ही प्रकारांना सारखीच जागा देते आणि वर वर्णानुक्रम लावते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने याहून निरुपयोगी मांडणी मला तरी सुचत नाही.

म्हणून ती पाच-सहा क्रियापदे आधी घेऊ, आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत मराठी तुमच्या बाजूने उभी आहे हे तुमच्या लक्षात येईल. ‘कुलूप लावल्याचे आठवते’ म्हणजे ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’. काम झालेले आहे आणि त्याची स्मृती आहे. ‘कुलूप लावायची आठवण ठेव’ म्हणजे ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’. काम अजून व्हायचे आहे. विसरण्याचेही तसेच: ‘कुलूप लावायला विसरले’ यात ‘फरगॉट टू लॉक’ आणि ‘तिला भेटल्याचे कधी विसरणार नाही’ यात ‘नेव्हर फरगेट मीटिंग हर’. ‘रिग्रेट’ हे क्रियापद कार्यालयीन पत्रांत वारंवार येते, म्हणून त्याच्याकडे विशेष लक्ष द्या. ‘कळवण्यास खेद वाटतो’ याला ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ म्हणतात आणि ‘त्याला कळवल्याचा पश्चात्ताप होतो’ याला ‘आय रिग्रेट इन्फॉर्मिंग हिम’. पहिल्यात वाईट बातमी आता येणार आहे आणि दुसऱ्यात ती देऊन झाली आहे.

‘ट्राय’च्या बाबतीत तर मराठीने स्वतंत्र क्रियापदच राखून ठेवले आहे. ‘खिडकी उघडायचा प्रयत्न केला’ म्हटले की ती अडकली होती आणि बहुधा उघडली नाही असे वाटते. ‘खिडकी उघडून पाहिली’ म्हटले की ती सहज उघडली, फक्त त्याने उकाडा कमी होतो का हे पाहायचे होते. ‘ट्राइड टू ओपन’ आणि ‘ट्राइड ओपनिंग’ यांत नेमका हाच फरक आहे. तेव्हा मनात ‘करून पाहा’ आले की आयएनजी-रूप लिहा: संगणक बंद करून पुन्हा सुरू करून पाहा, ‘ट्राय रीस्टार्टिंग द कंप्यूटर’. ‘गो ऑन’चेही असेच: ‘ती बोलत राहिली’ हे ‘शी वेंट ऑन टॉकिंग’ आणि ‘मग ती अंदाजपत्रकाविषयी बोलू लागली’ हे ‘शी वेंट ऑन टू टॉक अबाउट द बजेट’. ‘मीन’ या क्रियापदात ‘फोन करायचा होता’ हा हेतू ‘आय मेंट टू कॉल’ असा येतो आणि ‘म्हणजे आणखी आठवडाभर थांबणे आले’ हा परिणाम ‘धिस मीन्स वेटिंग अनादर वीक’ असा येतो.

या उदाहरणांतून एक धागा हाती लागतो. मराठीत जिथे ‘-ल्याचे’ किंवा ‘-ल्याचा’ येते तिथे इंग्रजीत बहुधा आयएनजी-रूप येते. ‘कबूल करणे’ या एकाच क्रियापदावर हे फार सुंदर दिसते. ‘पैसे द्यायचे कबूल केले’ म्हणजे ‘अ‍ॅग्रीड टू पे’ आणि ‘पैसे घेतल्याचे कबूल केले’ म्हणजे ‘अ‍ॅडमिटेड टेकिंग द मनी’. इंग्रजीला इथे दोन क्रियापदे लागली. मराठीने एकाच क्रियापदात नुसता प्रत्यय बदलून काम भागवले. ‘जाण्यास नकार दिला’ आणि ‘गेल्याचे नाकारले’ या जोडीतही तेच आहे: ‘रिफ्यूज्ड टू गो’ आणि ‘डिनाइड गोइंग’. ‘बहुधा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण ‘पाहिल्याचा दावा केला’ याला इंग्रजीत ‘क्लेम्ड टू हॅव सीन’ असे म्हणावे लागते आणि तिथे हा धागा तुटतो.

मराठी जिथे साथ देत नाही त्या जागाही सांगायला हव्यात, नाहीतर मी तुमच्या शिक्षकांइतकाच एकांगी ठरेन. ‘जायचे ठरवले’ आणि ‘जायचे टाळले’ यांत आपले रूप एकच आहे. इंग्रजीत मात्र ‘डिसाइडेड टू गो’ आणि ‘अव्हॉइडेड गोइंग’. ‘पोहायला आवडते’ या वाक्यातला ‘-ला’ तर चक्क फसवा आहे. ‘लाइक’ नंतर दोन्ही रूपे चालत असल्याने तिथे तो खपून जातो, पण ‘एन्जॉय’ नंतर टू-रूप चालत नाही, आणि ‘पोहायला आवडेल’ या अर्थाच्या ‘वुड लाइक’ नंतर उलट टू-रूपच लागते. या तीन जागी मराठी आपल्याला सावध करत नाही, तिथे इंग्रजीच्याच पद्धतीने विचार करावा लागतो.

ती पद्धत अशी सांगतात की टू-रूप पुढे पाहते आणि आयएनजी-रूप हातातल्या किंवा झालेल्या कृतीकडे पाहते. इच्छा, आशा, निर्णय, वचन, बेत, अपेक्षा, नकार, संमती या सर्वांचा रोख पुढच्या गोष्टीकडे असतो, म्हणून ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘प्लॅन’, ‘एक्स्पेक्ट’, ‘रिफ्यूज’, ‘अ‍ॅग्री’ यांच्यानंतर ‘टू’ येतो. आनंद घेणे, संपवणे, चालू ठेवणे, सराव करणे, कबुली देणे यांना आधी ती कृती अस्तित्वात असावी लागते, म्हणून ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘कीप’, ‘प्रॅक्टिस’, ‘अ‍ॅडमिट’ यांच्यानंतर आयएनजी-रूप. हे सूत्र उपयोगी आहे, पण त्याच्यावर जीव टाकू नका. ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’ आणि ‘पोस्टपोन’ यांतली कृती अजून घडलेलीच नसते, तरी त्यांना आयएनजी-रूप लागते. ‘मॅनेज’ मध्ये काम पार पडलेले असते, तरी ‘मॅनेज्ड टू फिनिश’ असेच म्हणतात. काही पुस्तके ओढूनताणून याही अपवादांना सूत्रात बसवतात. मला ते खटाटोपाचे वाटते. या चार क्रियापदांचे एकेक वाक्य लक्षात ठेवणे त्याहून सोपे आहे.

‘सजेस्ट’ कार्यालयात रोज लागते म्हणून त्याविषयी थोडे अधिक. ‘आय सजेस्ट यू टू चेक’ ही रचना इंग्रजीत प्रमाण मानली जात नाही. ‘आय सजेस्ट चेकिंग द बिल्स’ किंवा ‘आय सजेस्ट दॅट यू चेक द बिल्स’ असे लिहावे. ‘अ‍ॅडव्हाइज’ला मात्र ‘अ‍ॅडव्हाइज यू टू चेक’ चालते. ‘अलाउ’ला मध्ये माणूस आला तर टू-रूप, ‘अलाउ अस टू पार्क’, आणि माणूस नसला तर ‘अलाउ पार्किंग’. ‘मेक’ आणि ‘लेट’ यांच्यापुढे माणूस आला तर दोन्हींपैकी काहीच लागत नाही.

आता ज्यावरून तुमची थट्टा झाली ते वाक्य. ‘लुक फॉरवर्ड टू’ मधला ‘टू’ क्रियापदाचा नाही, तो आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा नामासोबत येणारा आहे, आणि अशा अव्ययापुढे क्रियापद आले की त्याला नाम व्हावेच लागते. म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. हा ‘टू’ कोणता हे ओळखण्यासाठी त्याच्यापुढे साधे नाम ठेवून पाहा. ‘लुक फॉरवर्ड टू द ट्रिप’ चालते, तेव्हा पुढे आयएनजी-रूप येणार. ‘होप टू द ट्रिप’ चालत नाही, तेव्हा तिथे टू-रूपच आहे. या कसोटीला ‘अ‍ॅग्री’ चकवते, कारण ‘अ‍ॅग्री टू द प्लॅन’ आणि ‘अ‍ॅग्री टू मीट’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण एरवी ती बहुतेक वेळा टिकते. ‘यूज्ड टू’ची जोडी हिनेच सुटते: ‘मी पहाटे उठत असे’ हे ‘आय यूज्ड टू वेक अप अर्ली’ आणि ‘मला पहाटे उठण्याची सवय आहे’ हे ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’. तुमच्या सहकाऱ्याला या चुकीमागचे कारण विचारले, तर बहुधा ‘ते तसेच असते’ यापलीकडे त्याला काही सांगता येणार नाही. त्यात त्याचा दोष नाही, कारण कानावर पडून बसलेल्या भाषेचे नियम सांगता येतातच असे नाही; मात्र त्यामुळे थट्टेचे वजनही कमी होते.

आणि तुमचे पहिले गृहीतकही इथेच सैल होते. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनी असली यादी पाहिलेलीही नसते. ‘तो बोलू लागला’, ‘तो बोलत राहिला’, ‘तो बोलून गेला’ यांत ‘लागणे’ला ‘-ऊ’, ‘राहणे’ला ‘-त’ आणि ‘जाणे’ला ‘-ऊन’ का, हे तुम्ही तरी कुठे पाठ केले होते? ते शब्द एकमेकांचा हात धरूनच तुमच्याकडे आले. इंग्रजी शब्दही तसेच घ्यायला हवेत: नुसते ‘अव्हॉइड’ न शिकता ‘अव्हॉइड गोइंग’, नुसते ‘डिसाइड’ न शिकता ‘डिसाइड टू गो’. शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशांत क्रियापदाखाली त्याची सोबतची रचना दिलेली असते. आपण अर्थ पाहून कोश मिटतो. आणखी दोन ओळी वाचायची सवय लावली तर शिकवणीचे निम्मे काम तिथेच होते.

दीड महिन्यासाठी माझा सल्ला असा. यादी तिसऱ्यांदा पाठ करू नका आणि या एका मुद्द्यासाठी शिकवणीही लावू नका. गेल्या काही महिन्यांतल्या स्वतःच्या ईमेल काढा आणि त्यांत वारंवार येणारी क्रियापदे टिपा. एका माणसाच्या कामाच्या लिखाणात अशी वीस-पंचवीसच निघतील असा माझा अंदाज आहे. प्रत्येकाचे एक वाक्य, तुमच्याच कामातले, वहीत लिहा आणि रोज मोठ्याने वाचा. अर्थ पालटणाऱ्या क्रियापदांसाठी वेगळे पान ठेवा आणि तिथे इंग्रजी वाक्यासमोर मराठी वाक्यही लिहा, कारण तिथे मराठीच तुमची किल्ली आहे. उरलेल्यांसमोर मराठी लिहू नका; ‘-णे’ आणि ‘टू’ची जुनी गाठ पुन्हा आवळली जाईल. असा तक्ता तुम्हाला ज्या चुका वारंवार होतात तेवढ्याचाच असावा, म्हणून दुसऱ्या कोणाचा तयार तक्ता मागू नका. हेच पत्र वाचणाऱ्या इतरांनाही माझे तेच सांगणे आहे.

परीक्षेत क्रियापदासमोर दोन रूपे देऊन एक निवडायला सांगणारे प्रश्न आले, तर ‘स्टॉप’, ‘रिमेंबर’, ‘फरगेट’, ‘ट्राय’ आणि ‘रिग्रेट’ यांच्या जागी आधी मराठी वाक्य मनात पुरते म्हणा आणि मगच खूण करा. बाकीच्या जागी जे रूप पहिल्यांदा कानात आले ते लिहा आणि बदलण्याचे ठोस कारण सापडले तरच ते बदला. निबंधात किंवा पत्रलेखनात मात्र निवड तुमच्या हातात असते. एखाद्या क्रियापदाविषयी शंका असेल तर तिथे साधे नाम वापरा, ‘वी पोस्टपोन्ड द ऑडिट’ असे लिहिले की प्रश्नच मिटतो.

त्या वरिष्ठांना अजून खुलासा केला नसेल तर आजच करा, आणि तो लांबवू नका: ‘वी हॅव स्टॉप्ड चेकिंग द ओल्ड बिल्स’ एवढे एकच वाक्य पुरे आहे.